पाहुण्यांचं वायफाय आणि आतोबांची खोली

माझ्या आत्याच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला असतो. खाली तिचं छोटं लॉज, वर घर. अर्धांगवायू झाल्यापासून आतोबा वरच्या खोलीत पडून असतात. तिथे कॅमेरा आहे. काउंटरवर फोन उभा करून, किल्ल्या देता-घेता, चादरींच्या घड्या घालता घालता आत्या एक डोळा त्यांच्यावर ठेवते.

त्या सकाळी फोनमध्ये आतोबा शांत झोपलेले दिसत होते. आज छान डोळा लागलाय म्हणून आत्या खुशीत होती. चहा घेऊन वर गेली तर ते जमिनीवर. कपाळ फुटलेलं, हाका मारून घसा बसलेला. फोनमधलं चित्र कधीच थिजलं होतं.

झालं असं की खालच्या एका पाहुण्याचा सिनेमा अडखळत होता. हा शहाणा पाहुण्यांच्या वायफायवरूनच राउटरच्या सेटिंगमध्ये शिरला आणि त्याने स्वतःचा फोन सोडून बाकी सगळ्यांचं नेट तोडलं.

"तो कॅमेरा होता हे मला काय माहीत?" वर तोंड करून त्यानेच विचारलं.

आत्याने त्याची बॅग रस्त्यावर नेऊन ठेवली. माझं चाललं असतं तर डोक्यात घातली असती.

पण तो आत शिरलाच कसा? राउटर बसवला होता आत्याच्या जावयाने. खाली पाहुण्यांचं वायफाय, वर घरचं, असं वेगळंही केलं होतं. फक्त पाहुण्यांच्या वायफायवरून सेटिंग उघडायची परवानगी चालू ठेवली होती, आणि सेटिंगचा पासवर्डही राउटरच्या खोक्यातून आला तोच.

"काही बिघडलं तर खालूनच बघता यावं म्हणून, आई," तो म्हणाला. "राउटर बाबांच्या खोलीत आहे. तिथला तो औषधांचा वास, त्यांचं ते बघत राहणं... मला नाही जमत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावयाशी आत्या आजवर चढ्या आवाजात बोलली नव्हती. तेव्हाही आवाज न चढवता तिने सांगितलं,

"आधी ती परवानगी बंद करा. पासवर्ड बदला. मग पाहुण्यांच्या वायफायवरून सेटिंग उघडतं का ते दाखवा."

त्याने सगळं केलं. सेटिंगचं पान उघडलं नाही.

"पण पुढे काही बिघडलं तर मी..."

"वर यायचं. त्यांच्या उशाशी खुर्ची आहे, तिथे बसायचं. आधी त्यांच्याशी बोलायचं, मग राउटरला हात लावायचा." तिने कापसाचं पाकीट त्याच्या हातात कोंबलं. "आणि आत्ताच जा. कपाळाची पट्टी बदलायचीय त्यांच्या."