वहिनींनी मागितलेली मतं

हॉस्पिटलच्या तळघरातल्या धुलाईखान्यात वहिनींचं अर्धं आयुष्य गेलं. त्यांना वहिनी म्हणायला लागले ते पक्षातले लोक. नवरा कष्टकऱ्यांच्या पक्षाचा वस्तीतला जुना कार्यकर्ता, सगळ्यांचा दादा. म्हणून ही सगळ्यांची वहिनी. दादा छातीच्या दुखण्याने गेले, पण वहिनी हे नाव काही सुटलं नाही. धुलाईखान्याचा साहेबसुद्धा त्यांना वहिनीच म्हणायचा.

तिथे त्यांची जोडीदारीण होती चिमणी. अंगाने एवढीशी आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू, म्हणून चिमणी. ती सीमेपलीकडून लग्न होऊन इकडे आली होती. नवरा बांधकामावरून पडून गेला, तेव्हा ती माघारी गेली नाही. तिकडे होतं कोण? वहिनींनीच साहेबाला गळ घालून तिला कामाला लावलं. इस्त्रीच्या तापलेल्या रोलरमध्ये एकीने चादर सरकवायची आणि दुसरीने पलीकडून ओढून घ्यायची. मध्ये वाफेचा लोट. दोघी एकमेकींना दिसायच्या कमी, ऐकूच जास्त यायच्या.

"वहिनी, मला मत नाही ते बरंच आहे," चिमणी पलीकडून ओरडायची. "तुमच्यासारखं कुणावर विश्वास ठेवायची सक्ती नाही!"

वहिनी हसायच्या. पक्ष म्हणजे त्यांचं दुसरं सासर होतं. सायकलच्या दुकानावरची पक्षाची एक खोली त्यांनी किती वेळा झाडली असेल, सभेसाठी किती किटल्या चहा केला असेल, त्याला गणती नव्हती. चिमणीच्या गल्लीत सगळे बाहेरून आलेलेच. ज्यांना हक्क मिळाला होता, त्यांची नावं मतदार म्हणून दादांनीच घालून घेतली होती. ती गल्ली डोळे झाकून पक्षाला मत द्यायची.

मग दिवस फिरले. गिरणी बंद पडली, कामं मिळेनात, आणि समोरच्या पक्षाला एक वाक्य सापडलं: बाहेरच्यांनी तुमचा घास पळवला. ते वाक्य प्रत्येक निवडणुकीत थोडं मोठं होत गेलं आणि त्यांच्या जागा वाढत गेल्या. कष्टकऱ्यांच्या पक्षात धुसफूस सुरू झाली. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत एका सभेला लोक खुर्च्या उचलून एकमेकांच्या अंगावर गेले. अर्धे म्हणत होते, जो इथे राबतो तो इथला. उरलेले म्हणत होते, हे बोलून आपण हरून घरी बसू, लोकांना काय हवंय ते बघा. आणि या उरलेल्यांच्या पुढे उभा होता वहिनींचा मुलगा.

वहिनी मागे किटलीपाशी उभ्या होत्या. जुन्या अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं. "वहिनी, तुम्ही बोला. दादा असते तर काय म्हणाले असते?"

वहिनींनी किटली उचलली आणि पेल्यांत चहा ओतायला लागल्या. मुलगा त्यांच्याकडे बघत होता. लहानपणी पाय घसरून पडला की रडण्याआधी बघायचा, अगदी तसा.

पक्ष फुटला. मुलाच्या गटाने नवा झेंडा केला आणि आमदारकीला त्यालाच उभं केलं. घरी वहिनींनी त्याला विचारलं, "चिमणीचं काय करणार तुम्ही?"

"आई, भाषण वेगळं आणि काम वेगळं. बाहेरचे लोक म्हणजे आपली चिमणीमावशी थोडीच? निवडून आल्यावर आत बसून सांभाळून घेता येतं. बाहेर राहून काय करणार?"

आईला पटायला एवढं पुरलं. घरचा माणूस आत असला की कुणाच्या केसाला धक्का लागणार नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि दुखरे गुडघे घेऊन जिने चढल्या, उतरल्या. घरोघरी दार उघडलं की लोक मुलाकडे नाही, त्यांच्याकडे बघायचे. चिमणीच्या गल्लीत काही दारं उघडलीच नाहीत. तेव्हा चिमणी स्वतः त्यांच्याबरोबर हिंडली. "अहो, वहिनी आल्यात," म्हणत तिने कड्या वाजवल्या.

तिकडे जुना पक्षही घाबरला होता. शेवटच्या आठवड्यात त्यांनीही पत्रकं काढली: आम्हीही कडक कायदा करू, पण माणुसकीने. वाचून चिमणी पोट धरून हसली. "म्हणजे हाकलताना दार हळू लावणार!"

मुलगा थोडक्या मतांनी निवडून आला. फटाके फुटले, हार पडले. सरकार आलं ते समोरच्या पक्षाचं, आणि मुलाच्या गटाने त्यांना पाठिंबा दिला. वहिनींना हे धुलाईखान्यात रेडिओवरून कळलं.  चादर अर्धी रोलरमध्ये, अर्धी बाहेर, आणि पलीकडून कुणी ओढेना. जळका वास आला तेव्हा साहेब धावत आला.

कडक कायदा लगेच झाला, आणि जुने कागद पुन्हा तपासून बाहेरच्यांना, मतदार झालेल्यांनाही, उचलायला सुरुवात झाली. एके दिवशी सकाळी धुलाईखान्याच्या दाराशी पोलिसांची गाडी लागली. चिमणी हातातला हिरवा गाऊन घडी करत होती. तिने ती घडी पूर्ण केली, इतरांच्या ढिगावर ठेवली आणि गेली. वहिनींकडे पाहिलंही नाही. की पाहिलं? वाफ होती, वहिनींना नक्की सांगता येत नाही.

त्या तशाच ओल्या हातांनी मुलाच्या कार्यालयात गेल्या. बाहेर माणसं बसली होती. त्याने सगळ्यांना थांबवून आईला आत घेतलं, पाणी दिलं.

"एक फोन कर," वहिनी म्हणाल्या.

"आई, केला." त्याचा चेहरा उतरला होता, खोटं बोलत नव्हता तो. "ते म्हणाले, तूच आमच्या बाजूने हात वर केलास आणि तूच सूट मागतोस? एकीला सोडलं तर उद्या सगळी गल्ली दारात येईल. वर माझाच गट पुढच्या वेळी मला उभं करणार नाही."

"मग आत बसून काय सांभाळतोस रे?"

 बाहेरून कुणीतरी दार वाजवलं.

पकडलेल्यांना गावाबाहेरच्या एका जुन्या गोदामात ठेवलं होतं. वहिनी कपड्यांची पिशवी घेऊन गेल्या. जाळीच्या पलीकडे चिमणी आली. तेवढ्या दिवसांत ती आणखी एवढीशी झाली होती. वहिनींनी माफीचे शब्द येताना जमवले होते.

"खायला देतात ना?"

"देतात."

"मी सांगितलं त्याला. त्याने केला फोन, पण..."

"वहिनी," चिमणी म्हणाली. आवाज चढला नाही तिचा. "आमची माणसं तुमच्या मुलाला मत द्यायला तयार नव्हती. मी एकेकाच्या पाया पडले. म्हटलं, वहिनींचा मुलगा आहे, आपलाच आहे. आज त्यातले निम्मे इथे आत आहेत. ते माझ्याशी बोलत नाहीत."

वहिनींनी जाळीला बोटं लावली. चिमणीने पिशवी घेतली, आत काय आहे ते बघितलं नाही, आणि हाक मारायच्या आत वळून गेली. पुढच्या खेपेला वहिनी गेल्या तेव्हा ती तिथे नव्हती. सीमेपलीकडे पाठवलं, एवढंच पहारेकऱ्याने सांगितलं. पलीकडे कुठे, ते त्याला ठाऊक नव्हतं.

घरी आता मायलेक समोरासमोर जेवायला बसतात, मीठ-पाणी मागण्यापुरतं बोलतात. मुलगा वाईट नाही. आईच्या गुडघ्यांसाठी डॉक्टर घरी बोलावतो. वहिनींना त्याचा रागही धड येत नाही, आणि राग येत नाही याचीच त्यांना किळस वाटते. जुन्या अध्यक्षांकडे जावं, तर तेही आता कडक कायद्याचीच भाषणं करतात. नव्या निवडणुकीचे फलक लागलेत. रंग वेगवेगळे, मजकूर एकच.

धुलाईखान्यात जोडीला बायका येतात आणि वाफेला कंटाळून जातात. येताना-जाताना बसमध्ये कुणीतरी ओळखतं, आमदाराची आई म्हणून उठून जागा देतं. गुडघे दुखत असतात, वहिनी बसतात. शेजारची बाई हळूच वाकून म्हणते, "वहिनी, आमच्या जावयाच्या बदलीचं तेवढं मुलाच्या कानावर घाला ना."

"घालते," वहिनी म्हणतात.

आणि घालतात. ती कामं मात्र लगेच होतात.