कोठीभर तांदळाची फिर्याद

त्या फिर्यादीची आठवण झाली की अजूनही माझा हात आपोआप पोटावर जातो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण गुन्ह्यातला मुद्देमाल आपणच वर सिंधी कढी ओतून, पुन्हा मागून खाल्ला असावा, ही शंका आयुष्यात एकदाच आली.

तेव्हा मी अंबरनाथच्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. हजेरी आटोपली होती, रात्रपाळीवाले घरी निघाले होते आणि माझ्यासमोर नुकताच चहा आला होता. अशा वेळी आलेली फिर्याद पोलीस एका कानाने ऐकतो, दुसरा चहाकडे असतो.

पन्नाशीचं एक जोडपं आत आलं. नवरा एमआयडीसीतल्या कारखान्यात नोकरीला, हसतमुख, कुणालाही नाही न म्हणणारा. बाई घरून डबे करून देणाऱ्या, मोजकं बोलणाऱ्या. अंबरनाथ पश्चिमेला त्यांचा फ्लॅट. मुलीचं लग्न ठरलं होतं म्हणून घर नीट करायला काढलेलं: लाद्या, ओटा, बाथरूम, सगळंच. स्वतः तेवढ्यापुरते बदलापूरला भाड्याने राहायला गेले होते. घरचं सामान एका खोलीत कोंबून कुलूप लावलं होतं आणि त्या कुलपाची चावी ठेकेदाराच्याच हातात दिली होती. का, तर वायरिंग त्या खोलीतूनही जाणार होतं. चोरीचे निम्मे गुन्हे हे असे होतात. चोर कुलूप तोडत नाही, आपणच चावी देतो आणि वर चहा पाजतो.

"काय गेलं?" मी विचारलं.

"कोठी," बाई म्हणाल्या. "तांदळाची."

"टीव्ही, फ्रीज?"

"ते आहे. टीव्ही कामगार बघतात."

"म्हणजे फक्त तांदूळ?"

"वर्षाचा आहे साहेब. एरंडेल लावून भरलेला."

इथे मला विनोद सुचला. माझ्या नोकरीतले बरेच घोटाळे मला विनोद सुचल्यामुळे झालेले आहेत. मी म्हटलं, "ताई, एरंडेलाचा तांदूळ खाल्ला असेल तर चोर फार लांब जाणार नाही. जवळपासच्या संडासात बघू."

हवालदार हसले. नवराही हसला. बाई हसल्या नाहीत.

"कोठीत आणखी काही होतं का?" मी रीत म्हणून विचारलं.

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या टेबलाच्या काचेकडे. म्हणाल्या, "तांदूळच."

एवढी वर्षं जबाब घेतलेल्या माणसाला ती नजर कळायला हवी होती. पण चहा निवत होता. मी ठाणे अंमलदाराला अदखलपात्र नोंद करायला सांगितलं आणि जोडप्याला वाटेला लावलं. नवरा कामावर गेला. बाई मात्र गेल्या नाहीत. बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. दुपार झाली, आमची डब्याची वेळ झाली, तरी त्या तिथेच. शेवटी त्यांना उठवायचा दुसरा मार्ग सुचेना म्हणून मी त्यांच्यासोबत फ्लॅट बघायला निघालो. याला मी तेव्हा तपास म्हणत होतो.

फ्लॅटचं दार उघडलं आणि माझं हसू जरा कमी झालं. कुलपातली खोली सताड उघडी होती. पलंगावर कामगार झोपत होते, त्यांच्या टाचांचं सिमेंट गादीवर उमटलं होतं. वॉशिंग मशीनमध्ये कामाचे कपडे धुतले होते, आता त्यात वाळूचा थर होता आणि ते फिरत नव्हतं. मुलीच्या टेबलावर सुताराने प्लाय कापला होता. देवघराचा चौरंग लाद्या कापायला वापरलेला, त्यावर करवतीच्या रेघा. मिक्सरच्या भांड्यात काय वाटलं होतं ते मी विचारलं नाही.

बाई या कशाकडेच बघत नव्हत्या. कोठी होती त्या कोपऱ्यात फरशीवर गोल डाग उरला होता. त्या तिथेच उभ्या होत्या.

ठेकेदाराची जागा उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये होती, टाइल्सच्या दुकानाशेजारी. त्याला बोलावून घेतलं. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, हातात दोन मोबाइल. माझी चौकशीची एक पद्धत होती, जिचा मला अभिमान होता. समोरच्याला बसवायचं आणि काही बोलायचं नाही. गुन्हेगार माणसाला शांतता सोसत नाही, तो आपोआप फुटतो.

हा फुटला नाही. त्याने मान वर करून माझ्या केबिनचं छत न्याहाळलं. "साहेब, स्लॅबला ओल आहे. पावसाळ्यात पोपडे तुमच्या डोक्यावर पडणार. वरून वॉटरप्रूफिंग करून घ्या. आपला माणूस पाठवतो."

"कोणतं केमिकल वापरता?" माझ्या तोंडून गेलं. त्याने सांगितलं. मी लिहूनही घेतलं. हवालदाराने खाकरल्यावर मी भानावर आलो.

"बाईंचं सामान का वापरलं?"

"साहेब, साइट म्हणजे असंच असतं. इथली शिडी तिथे, तिथलं पिंप इथे. काम संपलं की सगळं पुसून जागेवर. पार्टीला कळतसुद्धा नाही."

"कोठी कुठे आहे?"

"ती बदलापूरच्या साइटवर. व्हाइट सिमेंटला ओल लागायला नको ना, झाकण फिट पाहिजे. पत्र्याची कोठी एकदम बेस्ट."

"आणि तांदूळ?"

इथे पहिल्यांदा त्याने दोन्ही मोबाइल खिशात घातले. "तांदूळ... पोरांनी खाल्ला असेल. भरून देतो की. कोलम देतो, चांगला."

मला वाटलं, प्रकरण मिटलं. बाईंना घेऊन बदलापूरच्या साइटवर गेलो. कोठी तिथे होती, काठोकाठ व्हाइट सिमेंटने भरलेली. बाईंनी झाकण उचललं, आत पाहिलं आणि तिथेच रेतीच्या ढिगावर बसल्या.

"ताई, तांदूळ तो भरून देतो म्हणालाय."

"साहेब, हे इथे नाहीत ना?"

"तुमचे मिस्टर? नाहीत."

मग त्यांनी सांगितलं. कारखाना बंद पडला होता त्या काळात अंगावरचं सगळं विकलं गेलं होतं. पुढे डब्यांच्या पैशांतून त्यांनी एकेक करून पुन्हा जमवलं. पाटल्या, एक हार, कानातलं, मुलीसाठी. नवऱ्याला पत्ता लागू दिला नाही. "माणूस देव आहे हो," त्या म्हणाल्या, "पण भावाचा ट्रॅक्टर, मित्राचं ऑपरेशन, कुणी दारात उभं राहिलं की यांचा हात कपाटाकडे. म्हणून तांदळात ठेवलं. तळाशी नाही, तळाशी चोर आधी हात घालतो. मधोमध, जुन्या ब्लाउजपीसच्या पुरचुंडीत. तांदूळ कोण चोरतंय, असं वाटलं."

"मग ठाण्यात बोलला का नाहीत?"

"तुम्ही यांच्यासमोर विचारलंत."

रेतीच्या ढिगावर मीही बसलो. लग्न तोंडावर आलं होतं आणि मी चोराला संडासात शोधायच्या गोष्टी करत होतो.

परत येऊन रीतसर विश्वासघाताचा गुन्हा नोंदवला, आणि बाईंच्या फ्लॅटवरच्या कामगारांना एकेक करून आत घेतलं. मी टेबल आपटलं, आवाज चढवला. लादीवाला मिस्त्री शांतपणे म्हणाला, "साहब, हम लोग रोटी खाते हैं. चावल से पेट नहीं भरता. सेठ खुद बोरी में डालके ले गया."

ठेकेदार खोटं बोलला होता. सोनं मिळालंय म्हणूनच खोटं बोलला, असा मी निष्कर्ष काढला आणि त्याला आणायला माणूस पाठवला. दोन्ही मोबाइल बंद, दुकान बंद. वरिष्ठांना काय सांगणार होतो? आरोपीने सोनं नेलं, पण जाण्यापूर्वी मला वॉटरप्रूफिंगचा सल्ला दिला?

त्यातच दुसऱ्या दिवशी बंदोबस्त लागला. उल्हासनगरच्याच कॅम्प पाचमध्ये एका मंडळाचा मोठा भंडारा होता आणि गर्दी आवरायला आजूबाजूच्या ठाण्यांतून माणसं मागवली होती. सकाळपासून उन्हात उभा होतो. दुपारी मंडळाच्या लोकांनी हात धरून पंगतीला बसवलं. कढी-चावल. भेंडी, बटाटे, शेवग्याच्या शेंगा घातलेली ती आंबट सिंधी कढी. भुकेला माणूस अटकेतल्या आरोपीपेक्षा लवकर शरण येतो. मी आणखी वाढून घेतलं.

हात धुतो न धुतो तोच लाउडस्पीकरवरून आवाज आला, "आज के चावल के सेवाधारी... मंच पर आएँ!" आणि शाल-श्रीफळ घ्यायला मंचावर चढला तो आमचा ठेकेदार. तोच टिळा, तोच पांढरा शर्ट.

भंडाऱ्याला तांदूळ त्याने दिला होता आणि तो कुणाचा, हे क्षणात लख्ख झालं. पुढच्याच क्षणी माझा हात पोटावर गेला. मी नक्की काय खाल्लं होतं?

मी स्वयंपाकाच्या मांडवाकडे धावलो. म्हणजे माझ्या अंगकाठीच्या माणसाला जितकं धावता येतं तितकं. आचारी एका गोणीची सुतळी कापत होता.

"ये चावल कौन सा है?"

"वही, सेठवाला. तेल लगा है इसको, बहुत धोना पड़ता है, इसलिए पीछे रखा था. अब बाकी खतम हो गया, तो..."

मी गोणीवर दोन्ही हात ठेवले. "थांबा. ही गोणी पोलिसांच्या ताब्यात आहे."

एवढं सुटल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं. रांगेतल्या लोकांना मात्र तसं वाटलं नाही. मागून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "खुद पेट भर लिया, अब पब्लिक का रोक रहा है." तिचं चुकत नव्हतं. माझ्या मिशीला अजून कढी होती.

ठेकेदाराला शालीसकट बाजूला घेतलं. तो रडकुंडीला आला. "साहेब, मंडळात सगळ्यांचं नाव लागतं, माझं कधी लागत नाही. अन्न आहे, फेकवलं नाही. सिमेंटच्या धुळीत सडलं असतं. म्हटलं देवाच्या कामाला जाऊ दे."

"दुसऱ्याच्या तांदळावर पुण्य तुझं?"

"नंतर भरून देणारच होतो ना साहेब. मोबाइल बंद केले, म्हटलं एवढा सत्कार होऊ दे."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. या माणसाला पुरचुंडीची गंधवार्ता नव्हती. चोराचा चेहरा वेगळा असतो. हा नुसता दुसऱ्याच्या वस्तू आपल्या समजण्याची सवय लागलेला माणूस होता, आणि त्या सवयीत देवालाही ओढलं होतं. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी त्याला तसाच बाजारात पिटाळला. त्याने स्वतःचा तांदूळ आणला तेव्हा कुठे पंगत पुढे सुरू झाली.

बाईंना निरोप धाडला. त्या येईपर्यंत हवालदाराला गोणीजवळ उभं केलं. थोड्या वेळाने बघतो तर दोन-तीन बायका गोणीला नमस्कार करून जात होत्या, कुणी तरी झेंडूचं फूलही ठेवलं होतं. हवालदार म्हणाला, "काय करू साहेब, पोलीस उभा आहे म्हणजे काही तरी जागृत असणार, असं वाटतंय त्यांना."

बाई आल्या, पण सोबत नवराही आला. सुट्टीवर होता, बायको घाबरीघुबरी निघालेली बघून तिला एकटी सोडणार थोडाच. आता त्याला बाहेर कसं काढावं याचा मी विचार करत होतो. बाईंनीच मला हाताने थांबवलं. "असू द्या साहेब. किती दिवस लपवू."

मंडळातले दोन ज्येष्ठ पंच म्हणून उभे केले. बाईंनी बांगड्या मागे सारल्या आणि गोणीत हात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. गाल तांदळाला टेकला होता, डोळे मिटले होते. मांडवात कढईखालच्या जाळाचा आवाज तेवढा येत होता. मग त्यांचा चेहरा सैल झाला आणि पुरचुंडी वर आली.

पंचांसमक्ष गाठ सोडली. सगळं होतं. नवरा पुढे येऊन पुरचुंडीवर वाकला.

"म्हणून तू मला कधी कोठीला हात लावू देत नव्हतीस," तो म्हणाला.

"लावू दिला असता, तर हे ट्रॅक्टरच्या टायरात गेलं असतं."

तो भडकेल, असं मला वाटलं. पण त्याने एक पाटली उचलली, शर्टाच्या बाहीने तिच्यावरची तांदळाची भुकटी पुसली आणि म्हणाला, "बरं केलंस. माझा भरवसा मलाच नाही." मग तोंड फिरवून आचाऱ्याच्या कढईकडे बघत उभा राहिला. बाईंनी त्याच्या हातातून पाटली काढून घेतली, मोजमापासाठी माझ्याकडे दिली आणि त्याचा हात मात्र हातातच ठेवला.

न्यायालयाच्या आदेशाने दागिने लग्नाआधी परत मिळाले. पुढे न्यायालयाच्याच परवानगीने तडजोड झाली. ठेकेदाराने मशीन, गादी, टेबल सगळं नवं करून दिलं आणि घराचं उरलेलं काम बाईंच्या नजरेखाली पुरं केलं. नजर म्हणजे कमरेवर हात ठेवलेली. काम उत्तम झालं म्हणतात.

नव्या अधिकाऱ्यांना मी एवढंच सांगतो. माणूस ठाण्यात जे पहिल्यांदा सांगतो, त्यासाठी तो क्वचितच आलेला असतो. त्याला खुर्ची द्या, सोबतच्या माणसाला बाहेर पाणी प्यायला पाठवा आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. चहा नंतरही मिळतो. आणि ज्या फिर्यादीवर सगळं ठाणं हसतं, तिथे न हसणाऱ्या माणसाकडे बघा.

दागिने ताब्यात घेताना बाईंनी सही केली. मी म्हटलं, "ताई, आता तरी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा."

"लॉकरची चावी हे मागतील," त्या म्हणाल्या. "मागितली की मी देईन."

"मग लग्नापर्यंत कुठे ठेवणार?"

त्यांनी पुरचुंडी पिशवीत घातली, पदर नीट केला आणि ठाण्यात आल्यापासून पहिल्यांदा हसल्या. मी पुन्हा विचारलं नाही.