शोभाच्या लेकीचा लेहंगा

शोभा गेली त्याला आता दीडेक महिना होईल. बालमैत्रीण गेली म्हणून भेटायला येणारे माझ्याशी जपून बोलतात. त्यांना वाटतं मी दुःखात आहे. मी रागात आहे. फोन आला तेव्हा अमरावतीला घरी मी मेथी निवडत बसले होते. तिची मुलगी रुचा एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली…" आणि मी हातातली जुडी भिंतीवर भिरकावली.

आम्ही दोघी पातूरजवळच्या एकाच गावातल्या. तिच्या बाबांचा फुलांचा मळा होता, झेंडू आणि शेवंती अकोल्याच्या बाजारात जायची. फुलं तोडून मग शोभा शाळेत यायची, अंगाला झेंडूचा उग्र वास घेऊन. कुणी नाक मुरडलं की तोंडावर विचारायची, "काहून, तुह्या घरी देवाले काय वाहता मंग?" अशी मुलगी परतवाड्याच्या एका बड्या घरात पडली. नवऱ्या मुलाकडच्यांनी शालू आणायचा अशी आमच्याकडची रीत, पण तिच्या सासूबाईंनी निरोप धाडला की शालूही तुम्हीच घ्या, आणि आमच्या घराला शोभेल असा घ्या. मग शोभा, तिचे बाबा आणि मी अकोल्याच्या कापडबाजारात दिवसभर हिंडलो. एका मोठ्या दुकानात मालकाने आधी बाबांच्या चपलांकडे पाहिलं आणि नोकराला खालच्या कप्प्यातलं काढायला सांगितलं. बाबा गादीच्या अगदी कडेला, उठायच्या तयारीत बसले होते. शोभा म्हणाली, "काका, वरच्या कप्प्यातल्या दाखवा. घेनार नाई, पन पाहू तं द्या." मालक हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. शेवटी गल्लीतल्या एका छोट्या दुकानात डाळिंबी रंगाची, बारीक जरीची साडी मिळाली. शालू म्हणावा अशी ती नव्हतीच. सणावाराला नेसतात तशी. शोभाने ती खांद्यावर टाकून आरशात पाहिलं आणि म्हणाली, "झालं. आता बाबाले चहा पाजू."

लग्नाच्या दिवशी नवरीच्या खोलीत सासूबाई आल्या. शोभाच्या पदराचं टोक दोन बोटांच्या चिमटीत धरून, भरल्या बायकांत म्हणाल्या, "एवढीच का? आमच्या गड्याच्या बायकोले बी मी याच्याहून बरी घेतो." शोभाने मान वर केली. "मंग तिचीच द्या ना आनून, तेच नेसतो." खोलीभर हशा पिकला. सासूबाई लालबुंद होऊन निघून गेल्या. पुढे कितीतरी वर्षं हा किस्सा मी ज्याला त्याला रंगवून सांगत आले. शोभा जिंकली, असं मला वाटायचं.

रुचाचं लग्न ठरलं तेव्हा ती मला आनंदाने म्हणाली, "मावशी, मी आईचीच लग्नाची साडी नेसनार हाये." औषधांच्या दुकानात काम करणारी साधी, हुशार पोरगी. मुलाकडच्यांचं काही म्हणणं नव्हतं. नाही म्हणाली ती शोभा! तिला लेहंगा हवा होता, भरजरी, तालुक्यात कुणी घातला नसेल असा. ती अमरावतीला आली, मला घेऊन दुकानं पालथी घालू लागली. दुकानात मध्येच स्टुलावर बसायची, हात काखेशी दाबून धरायची. विचारलं तर म्हणे, "ब्लाउज काचून राहिलं." किमती ऐकून मी तिला कानात म्हटलं, "अगं, भाड्याने मिळतात, एका दिवसासाठी कशाला एवढं?" तर बाहेर रस्त्यावर येऊन ती माझ्यावर कडाडली.

"भाड्याचा? अन् त्याईले कळलं तं? तुले वाटते मी तेव्हा जिंकली. तू मांडवातून बसनं निघून गेली वो बाई. मले तिथंच राहा लागलं. दर दिवाईले, दर लग्नात, घरी आलेल्या पावन्यासमोर बुढी तेच सांगते, हिच्या बापानं असं चिंधूक देलं होतं. बाबा मेला तेव्हा बी तेच. नवरा खाली मान घालून जेवत राहाते. माह्या पोरीले कोनी असं बोलता कामा नये."

लेहंगा घेतला. लग्न झालं. त्यानंतर थोड्याच दिवसांत शोभा अकोल्याच्या दवाखान्यात होती. मी पोचले तेव्हा निम्मी उरली होती. तिनेच सांगितलं, गाठ दिवाळीआधीच हाताला लागली होती. डॉक्टर ताबडतोब ऑपरेशन करा म्हणाला होता.

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"सांगतलं असतं तं मी जमोलेलं समदं दवाखान्यातच गेलं असतं. लेहंगा आला नसता."

मी वॉर्डात ओरडले तिच्यावर. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. शोभा हळूच म्हणाली, "पोरगी दिसली मात्र राजाची…" त्या वाक्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

तेराव्याला परतवाड्याला गेले. ओसरीवर बायका बसलेल्या. भिंतीवर शोभाचा हार घातलेला फोटो, आणि त्याच्याच शेजारी, त्याच्या दुप्पट मोठा, रुचाचा लेहंग्यातला. सासूबाईंनी तो आल्यागेल्याला दाखवला, मलाही दाखवला. "पाहा, नातीचं लग्न कसं थाटात केलं आमी! अख्खा परतवाडा पाहून राहिला होता."

मी म्हटलं, "थाट तुमचा. जीव तिचा गेला." मी त्या फोटोकडे बोट केलं. "त्या एका साडीवरून तुम्ही तिला जन्मभर टोचलंत. म्हणून तिने गाठ लपवली आणि हा लेहंगा घेतला. तुम्हाला दाखवायला."

शोभाचा नवरा खांबाला टेकून जमिनीकडे बघत राहिला. सासूबाई पदर सावरत कुणाला तरी म्हणाल्या, "आमी काय म्हटलं होतं का तिले, दवाखान्यात जाऊ नोको म्हनून?"

रुचा आतून आली. डोळे सुजलेले, पण आवाज थेट तिच्या आईचा. "मले एकदा सांगतलं असतं तिनं, तं मी घरातल्या गाऊनवर लग्न केलं असतं, आजी." मग तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि स्वतःचा फोटो खिळ्यावरून काढला.

"अवं, काहून काढते?" आजी म्हणाली.

रुचाने फोटो भिंतीकडे तोंड करून जमिनीवर ठेवला आणि पानं वाढायला आत निघून गेली.