तिरक्या फोटोचं कार्ड

कार्डअक्कांच्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या सोलापूरच्या नवी पेठेत ज्यांनी ऐकलं असेल, त्यांनी ते खोटं ऐकलं. ते खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, कारण जे बाहेर गेलं ते माझ्या तोंडून गेलं होतं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. लोक मला कमी बोलणारा माणूस म्हणून ओळखतात, आणि त्यात थोडं कौतुकही असतं. ते कौतुक ऐकलं की दुकानाच्या मागच्या बाजूला जाऊन बसावंसं वाटतं.

माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि हार घालायचे फोटो. काउंटरच्या डाव्या हाताला उजेडात एक टेबल पडून असायचं. अक्का बहिणीच्या नातवाचा फोटो घेऊन आल्या होत्या. फोटो राहिला बाजूला, त्या टेबलाकडेच बघत बसल्या. "शेठ, हे टेबल काय करायलंय?" मी म्हटलं, "काही नाही, पडून आहे." "मग मी बसते की हितं." दुसऱ्या दिवशी त्या हातानं शुभेच्छांची कार्डं रंगवायला रंगांच्या डब्या, ब्रश आणि पाण्यासाठी एक स्टीलचा पेला घेऊन हजर. मी त्यांच्याहून बराच लहान, दुकान म्हणजे दोन माणसं शेजारी उभी राहिली की भरणारं, तरी त्यांच्या लेखी मी शेठ. त्यात थट्टा किती आणि माया किती, हे मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही.

त्या शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातल्या. वडील चादरींची नक्षी काढायचे, चौकडीच्या कागदावर, एकेक चौकोन भरत. अक्का त्यांच्या मांडीला मांडी लावून चित्रं काढायला शिकल्या, त्यामुळे त्यांच्या हातून गोल रेष यायचीच नाही. त्यांचा मोर पायऱ्यापायऱ्यांचा, गुलाब पायऱ्यापायऱ्यांचा, चंद्रसुद्धा जिना चढून आल्यासारखा. एक कॉलेजातली पोरगी म्हणाली, "अक्का, हे कार्ड आहे का चादर?" अक्का मान वर न करता म्हणाल्या, "थंडी वाजली तर पांघर."

त्यांच्याकडे तयार कार्ड मिळत नसे. लोक यायचे, इकडेतिकडे बघायचे, विचारायचे, "वाढदिवसाचं आहे का?" अक्का समोरचं स्टूल दाखवायच्या. "बसा. कुणाला द्यायचंय?" माणूस नाव सांगायला लागला की हात वर करायच्या. "नाव नको. एक खोड सांगा." त्या खोडीचंच चित्र त्या काढायच्या. एका सुनेनं सांगितलं, सासूबाई "अर्धीच घे" म्हणत ताटात दीड भाकरी टाकतात. अक्कांनी ताट काढलं, त्यात अर्धी भाकरी आणि वरून उतरणारी आणखी एक, चंद्रासारखी. आत शुभेच्छा वगैरे काही लिहायच्या नाहीत. "ज्याचं हाय त्याला कळतंय की."

एकदा एक गृहस्थ बायकोसाठी कार्ड करायला आले. खोड विचारल्यावर बराच वेळ छताकडे बघत बसले. "तशी खोड काही नाही हो तिला." अक्कांनी ब्रश खाली ठेवला. "मग कार्ड कुणाला द्यायलाव? आधी घरी जाऊन बघून या." ते रागावून गेले. काही दिवसांनी परत आले आणि स्टुलावर बसून इतकं बोलले, की मला माझ्या गिऱ्हाइकाला जरा थांबा म्हणून सांगावं लागलं.

खोड सांगायला बसलेला माणूस खोडीवर थांबत नसे. मागचंपुढचं सगळं यायचं. रुसवे, आजारपणं, बोलणं बंद झालेले भाऊ. अक्का ऐकायच्या आणि रंग कालवायच्या. कार्ड वाळत ठेवताना कुणी दुकानात शिरलं तर त्याच्यापुढे फ्रेमच्या पाठीला लावायचा पुठ्ठा उभा करायच्या. मी कधी विचारलं, "अक्का, मघाचे ते कोण हो?" तर ठरलेलं उत्तर: "शेठ, तुमी काच कापा." पण दुकान एवढंसं. काच कापताना कान बंद ठेवता येत नाहीत. म्हणजे ठेवता येत असतील, मी ठेवले नाहीत.

एका भेटवस्तूंच्या दुकानदाराने त्यांना दिवाळीसाठी एकाच चित्राची भरपूर कार्डं करून मागितली होती. अक्का म्हणाल्या, "माझ्या वडलांनी जन्मभर एका नक्षीच्या हजार चादरी बघितल्या. मला एक माणूस, एक कार्ड पुरे." मोबाइलवर फुकट शुभेच्छा येत असताना तुमचं कोण घेणार, असं तो म्हणाला. "मोबाइलवरचा गुलाब सगळ्यांना एकच येतो की हो. एकाच गुलाबाचा वास किती जण घेणार?"

अशात एक दिवस त्या बाई आल्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. पन्नाशीला आलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. स्टुलावर टेकल्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरून म्हणाल्या, "आभाराचं करायचं होतं." मग थोडं थांबून, "म्हणजे आभाराचंच." बाई सांगू लागल्या. मुलाला गणित जमत नव्हतं, एका निवृत्त सरांनी दोन वर्षं घरी येऊन शिकवलं, मुलगा आता पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. शिकवणं संपलं, तरी सर अधूनमधून येतात, चहा घेतात, जातात.

"खोड?" अक्कांनी विचारलं.

"कुणाच्या घरी गेले की भिंतीवरचं तिरकं झालेलं आधी सरळ करतात. कॅलेंडर, घड्याळ, काय असंल ते." त्या हसल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "पहिल्यांदा आले तवा आमच्या ह्यांचा फोटो सरळ केला. तो इतकी वर्षं तिरका होता, मला दिसलंच नव्हतं बगा. हे मी कुणाला सांगितलं न्हाय अजून."

काच कापायची हिरकणी माझ्या हातातच थांबली. ते सर मला माहीत होते. त्यांच्या बायकोचा हार घालायचा फोटो मीच फ्रेम केला होता. फोटो न्यायला आले तेव्हा बोलता बोलता त्यांनी माझ्या भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी एकेक करून सरळ केल्या होत्या. असा माणूस सोलापुरात दुसरा नसेल.

संध्याकाळी चहाच्या गाड्यावर आम्ही नेहमीचे चार-पाच जण होतो. मी तिथं ऐकणाराच असे. बोलण्यात मला गती नाही, मी विनोद सांगायला लागलो की लोक मध्येच दुसरं काही काढतात. त्या दिवशी सरांचा विषय दुसऱ्याच कुणीतरी काढला, ते समोरून सायकलवर गेले म्हणून. आणि मी बोललो. म्हटलं, "सरांना दुसऱ्याच्या नवऱ्याचे फोटो सरळ करायची लई आवड. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या एकीच्या घरात सरळ करता करता आता त्याच खिळ्याला स्वतः लटकायच्या बेतात आहेत."

सगळे हसले. एकाच्या नाकातून चहा आला. पानपट्टीवाला म्हणाला, "अरे, आपला फ्रेमवाला बोलतोय की!" मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, घरी जाईपर्यंत बरं वाटत होतं. जेवताना एकटाच हसलो, बायकोने विचारलं काय झालं, तर काही नाही म्हटलं.

पुढच्या आठवड्यात बाई कार्ड न्यायला आल्या. अक्कांनी ते काढून समोर ठेवलं. त्या कार्डाइतकं चांगलं काम मी त्यांच्या हातचं पाहिलं नाही. निळ्या भिंतीवर एक तिरकी चौकट, आणि कोपऱ्याला टेकलेली दोन बोटं. सगळं पायऱ्यापायऱ्यांचं, फक्त बोटं गोल. त्यांच्या हातून आलेली ती एकच गोल रेष. चौकट आतून रिकामी.

बाईंनी कार्डाला हात लावला नाही. उभ्याच राहिल्या. "अक्का, काल पॅकिंगला बसल्यावर एक जण मला म्हणाली, बाई, आमच्या घरचाबी फोटो तिरका झालाय, पाठवा की तुमच्या सरांना. सगळ्या टेबलावर हसत होत्या. सरांच्या मुलाचा फोन आला, बाबांना मी पुण्याला घेऊन चाललोय, तुम्ही परत फोन करू नका." त्यांचा आवाज चढला नाही. "फोटोचं मी फक्त हितं बोलले होते."

मी काचेवर पट्टी धरून उभा होतो. दुकानात तिघंच होतो. अक्कांनी एकदा जरी माझ्याकडे बघितलं असतं, तरी बाईंना कळलं असतं. त्यांनी बघितलं नाही. ब्रश पाण्यात बुडवला, पेल्याच्या काठाला निथळला आणि म्हणाल्या, "हितनं गेलं असंल तर माझ्या टेबलावरनंच गेलं, बाई. माझं चुकलं."

तेव्हा मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी हिरकणी चालवली. काच तिरकी फुटली.

बाई गेल्या. कार्ड टेबलावरच राहिलं. अक्कांनी फुटलेली काच उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "शेठ, दुसरी काच घ्या." त्या दिवशीही नाही आणि नंतरही त्यांनी मला विचारलं नाही. मी रोज ठरवायचो, आज सांगू. त्या डबा उघडायच्या, शेंगाचटणी माझ्या भाकरीवर ठेवायच्या, आणि मी जेवून उठायचो.

बोभाटा व्हायला वेळ लागला नाही. अक्कांना सांगितलं की गावाला सांगितलं, असं लोक बोलू लागले. एक-दोघांनी मलाच येऊन विचारलं, "खरं का हो? तुम्ही तर तिथंच असता." मी म्हणालो, "मला काय माहीत." पहिलं बोलणं हसण्याच्या नादात गेलं, असं म्हणायला थोडी तरी जागा आहे. या दुसऱ्याला ती नाही. ते मी पूर्ण शुद्धीवर, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोललो.

स्टुलावर कुणी बसेना. आलेच तर उभ्या उभ्या म्हणायचे, "खोड-बीड राहू द्या, एखादं फूल काढून द्या." अक्का फूल काढून द्यायच्या. पायऱ्यापायऱ्यांचं फूल, कुणाचंच नसलेलं. हळूहळू तेही थांबलं. मग एक दिवस म्हणाल्या, "शेठ, भिवंडीला बहीण हाय. तिकडं जाते."

सामान भरताना मी त्यांच्यासमोर स्टुलावर जाऊन बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, "अक्का, मला एक कार्ड करून द्या."

"कुणाला?"

"तुम्हालाच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग सवयीने म्हणाल्या, "खोड सांगा."

मी म्हणालो, "तुम्ही कुणाचं कुणाला सांगत नाही. ज्यानं सांगितलं, त्याचंही नाही."

त्या पेला पुसत राहिल्या. पुसून झालेला पेला पुन्हा पुसला. "त्याचं काय चित्र काढू, शेठ? ते काढता येत न्हाय." मग पिशवीतून ते निळ्या भिंतीचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. "मला कशाला कार्ड? मला म्हाईत हाय. जिला म्हाईत न्हाय तिला जाऊन सांगा. आणि हे तिचं हाय, देऊन टाका."

मी हो म्हणालो. रिक्षापर्यंत पिशवी नेऊन दिली. त्यांनी रिक्षातून मान बाहेर काढून दुकानाच्या पाटीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पाटी तिरकी झालीया, बघा जरा." पाटी तिरकी नव्हती. मी वर बघेपर्यंत रिक्षा वळली होती.

गेल्या वर्षी त्यांच्या भाच्याचा फोन आला. अक्का गेल्या. हार घालायचा फोटो करून पाठवाल का, म्हणून विचारत होता. मी केला. काच कापताना हात हलू दिला नाही. दुकानाच्या नावाचा जो कागद आम्ही नेहमी खाली चिकटवतो, तो मात्र लावला नाही.

बाई अजून सोलापुरातच आहेत. सकाळी एमआयडीसीकडे जाणाऱ्या रिक्षासाठी चौकात उभ्या असतात. मी दुकान उघडायला निघतो तेव्हा पलीकडच्या फुटपाथने जातो. सर मागेच पुण्यात वारले, हे बाईंना कळलं की नाही, मला माहीत नाही. त्यांच्या मनात अजून अक्काच बोललेल्या असणार. हे लिहून काढलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, एवढं मला समजतं. त्या हे वाचणार नाहीत, आणि वाचलं तरी ते त्यांना माझ्या तोंडून ऐकायचा हक्क आहे.

कार्ड त्यांचं आहे. त्याच्यासोबत द्यायचं वाक्य माझं आहे: अक्का बोलल्या नव्हत्या, मी बोललो. दोन्ही अजून माझ्याकडेच आहेत.