सिस्टरची रविवारची गाडी

अमरावतीत वानखडे सिस्टरांच्या घरी वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला गेले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी खालून त्यांचा आवाज आला. अंगणात खुर्ची टाकून, फोनचा स्पीकर लावून त्या कुणाची तरी उलटतपासणी घेत होत्या.

"मुर्तिजापूरच्या अलीकडं माही गाडी बंद पडली, त मले घ्याले कोन येईन?"

पलीकडची मुलगी गोड हिंदीत म्हणाली, "मॅम, हमारा नेटवर्क पूरे भारत में है."

"भारत राहू द्या बाई. मुर्तिजापूरचा मानूस सांगा. नाव काय त्याचं?"

मुलगी पुन्हा नेटवर्कचंच सांगू लागली. सिस्टरांनी फोन ठेवला आणि मांडीवरच्या वहीत त्या कंपनीवर काट मारली. रस्त्यात गाडी बंद पडली तर मदत पाठवणारी कंपनी त्या शोधत होत्या, आणि हा शोध महिनाभरापासून चालू होता, हे मला नंतर कळलं.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नाही, जवळचं कुणी उरलेलं नाही. उंच, किंचित वाकलेल्या. कुणाशीही उभ्याउभ्याच बोलायच्या, जणू पुढचा पेशंट खोळंबला आहे. मी सांगलीकडची, कॉलेजात ग्रंथपाल. त्यांचं "मी जातो", "मी येतो" ऐकून आधी गोंधळले. "इकडं बाया असंच बोलते," त्यांनी एका वाक्यात विषय संपवला. कुणाकडे जात नसत, कुणाला बोलावत नसत. मी आल्यापासून माझ्या जिन्याची एक पायरीही त्या चढल्या नव्हत्या.

त्यांचं माणूस एकच, विमलताई. दोघी नर्सिंगला एकत्र होत्या, पुढे एकाच क्वार्टरमध्ये राहिल्या. गाडी दोघींनी मिळून घेतली होती. चालवायच्या विमलताई, सिस्टर शेजारी बसून त्यांना पाठ असलेलाच रस्ता सांगत राहायच्या. मग विमलताईंना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. त्यांचा भाचा अकोल्याला राहतो, त्याने त्यांना तिथल्याच वृद्धाश्रमात ठेवलं. त्यानंतर साठी ओलांडलेल्या सिस्टर गाडी शिकल्या. दर रविवारी सकाळी आठला डबा घेऊन निघायच्या, विमलताईंना हाताने भरवायच्या आणि संध्याकाळी परत यायच्या.

"एसटीनं जा ना," मी एकदा म्हणाले.

"पायऱ्या चढवत नाई. अन् विमलले गाडी समजते. गेटातून आत गेली का मान फिरवते. बोलता येत नाई, पन मान फिरवते."

रविवारी आश्रमातल्या मावशींनी घास पुढे केला तर विमलताई तोंड मिटून घेत. सिस्टर येईपर्यंत उपाशी राहत. म्हणून गाडी बंद पडून चालणार नव्हतं. आणि गाडी तर म्हातारी झालेली.

कंपनी निवडायची त्यांची रीत मी पाहिली आहे, कारण एका सुटीच्या दिवशी त्यांनी मला सोबत नेलं. "तुमचं मराठी जरा छापील हाय, लोक घाबरतीन," म्हणाल्या. एका मोठ्या कंपनीच्या यादीत मुर्तिजापुरातलं एक गॅरेज होतं. त्या पत्त्यावर साड्यांचं दुकान निघालं. दुकानदार म्हणाला, "गॅरेज? मी आलो तवापासून त इथं साड्याच हाय." दुसऱ्या कंपनीचं सगळं स्वस्त, पेन्शनीत आरामात बसणारं, पण सिस्टरांनी खालची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली. दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी त्या कंपनीला चालत नव्हती. तिसरी कंपनी टोचन लावून, म्हणजे बंद गाडी ओढून, फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत नेणार. "अन् मले? मले काय रस्त्यावर ठेवता?" सिस्टरांनी विचारलं. त्या कंपनीवरही काट पडली.

चौथी कंपनी छोटी, अकोल्यातलीच. तिचा मुर्तिजापूरचा माणूस सलीमभाई. तो स्वतःच्या क्रेनखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता. सिस्टर तिथेच उभ्या राहिल्या.

"रविवारी येता का?"

"येतो ना सिस्टर. फक्त शुक्रवारी नमाजाच्या टायमाले नाई जमत. बाकी कवाबी."

परत येताना त्या म्हणाल्या, "यालेच घेऊ. हा जे जमत नाई ते आधी सांगते. बाकीचे सारे हो हो करून राहिले."

फॉर्म भरायला बसल्या तेव्हा एका रकान्याशी अडल्या. अडचणीत कोणाला कळवायचं? आयुष्यभर त्यांनी तिथे विमलताईंचं नाव लिहिलं होतं. पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमचं लिहू काय? त्रास नाई द्यायची."

"लिहा ना," मी म्हणाले. शेजारचा रकाना नात्याचा होता. तिथे त्यांनी लिहिलं, 'वरच्या मजल्यावरची'.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी मला कंपनीचा फोन आला. गाडी मुर्तिजापूरच्या पुढे बंद पडली आहे, मॅडम सुखरूप आहेत, माणूस निघाला आहे. मी सिस्टरांना फोन लावला. "बसली हाय झाडाखाली. डबा निवून राहिला," एवढंच म्हणाल्या.

सलीमभाई पाऊण तासात पोचला. गाडी गॅरेजला नेतो म्हणाला. सिस्टर म्हणाल्या, "गाडीले काही नाई होत. तिकडं एक बाई उपाशी बसली हाय. आधी अकोल्याले चला." त्याने गाडी क्रेनला अडकवली, सिस्टरांना हात देऊन आपल्या शेजारी चढवलं आणि थेट आश्रमाच्या दारात नेलं. दुपारचे बारा वाजून गेले होते. विमलताई खिडकीशी, पाठ फिरवून बसलेल्या. क्रेनचा आवाज त्यांच्या ओळखीचा नव्हता.

"गाडीचं इंजिन गेलं, हॉर्न नाई गेला," सिस्टर मला नंतर सांगत होत्या. "म्या सलीमभाईले म्हटलं, वाजवा. त्यानं लटकलेल्या गाडीत हात घालून वाजवला. विमलनं मान फिरवली बाप्पा." एवढं बोलून त्या उठून आत गेल्या.

थंडीत विमलताई गेल्या. भाच्याने सगळं उरकल्यावर कळवलं. सिस्टर रडलेल्या मी पाहिल्या नाहीत. काही दिवसांनी कंपनीचा नूतनीकरणाचा फोन आला. "नको बाई. तुमचं काम चांगलं हाय. पन मले आता मुर्तिजापूरच्या पुढं काम नाई," असं अगदी हळू सांगून त्यांनी फोन ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी आठला खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी गॅलरीतून पाहिलं. सिस्टर इस्त्रीच्या साडीत, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसल्या होत्या. गाडी जागची हलली नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी ती बंद केली.

मग जिन्यावर पावलं वाजली. एक पायरी, थांबा, दुसरी पायरी. मी दार उघडलं तर त्या कठड्याला धरून धापा टाकत उभ्या, आणि हातात डबा.

"सवयीनं दोघींचा केला," म्हणाल्या. "तुम्ही जेवल्या तर नाई ना?"

सकाळचे साडेआठ वाजले होते. मी दोन ताटं घेतली.