बेरिलच्या जिरेनियमच्या कुंड्या

केंटमधल्या त्या गावात बेरिल हिकमॉटच्या घरच्या पांढऱ्या वाइनला कोणी वाईट म्हणत नसे. तिथली माणसं तोंडावर तसं म्हणतच नाहीत. ग्लास नाकाशी नेऊन ‘वेगळीच आहे हं’ म्हणत आणि तिची पाठ वळली की जिरेनियमच्या कुंडीत ओतून मोकळी होत. बेरिलचा जन्म गेला शाळेच्या स्वयंपाकघरात. पोरं निदान समोर तोंड वाकडं करायची, त्याची तिला आता आठवण यायची.

दर शरदात शेजारीपाजारी तिच्या मळ्यातली द्राक्षं तोडायला येत, दुपारी अंगणात जेवत आणि गेल्या वर्षीच्या वाइनची पहिली बाटली तेव्हाच उघडे. सगळे गेले की बेरिल कुंड्यांत बोट खुपसून बघे. माती ओलीच.

यंदा नवऱ्यानं, नॉर्मननं, बजावलं होतं, की आता कुंड्या ओल्या झाल्या तर वेली उपटायच्या आणि सफरचंदं लावायची. बेरिल न भांडता बरं म्हणाली, तेव्हा नॉर्मनच जरा घाबरला.

तोडणी नेहमी ठरलेली, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, चर्चमधल्या सुगीच्या प्रार्थनेआधी. त्या रविवारी वेदीपुढे गावाचं पीक मांडतात, आणि बेरिलच्या द्राक्षांच्या टोपल्या सगळ्यांत पुढे असायच्या. खंड पडला तो फक्त गेल्या वर्षी. चर्चमध्ये गव्हाच्या पेंढ्या बांधताना ती शिडीवरून पडली, मनगट मोडलं आणि तोडणी पार ऑक्टोबर सरेपर्यंत लांबली. आता सगळं सडणार, असं सगळ्यांनी अगदी हळहळून सांगितलं होतं.

त्याच द्राक्षांची बाटली आज उघडली. सकाळी अर्ध्या ओळी तोडून मंडळी चीज-पावावर तुटून पडली होती. कुंड्यांना सर्वांत जास्त पाजणारा डेरेक पिलबीम, बसचा निवृत्त ड्रायव्हर, सवयीनं कुंडीशेजारचीच खुर्ची पकडून होता. बेरिल मुद्दाम आत गेली आणि खिडकीतून बघू लागली.

डेरेकनं घोट घेतला. ‘वेगळीच’ म्हणाला नाही. मग तो कुंडीकडे झुकला. पण तो कुंडीवरून हात लांबवून पलीकडची बाटली ओढत होता.

ती तरातरा बाहेर आली. “डेरेक, खरं सांग. कशी आहे?”

“ते मागाहून. आधी दुसरी आण.”

नॉर्मननंही ग्लास रिकामा केला होता. “अगं, गेल्या साली हिच्यात घातलंस तरी काय?”

“काय घालणार? हात गळ्यात बांधून बसले होते मी,” बेरिल म्हणाली आणि थबकली. तीच वेल, तीच माती, नवराही तोच. “म्हणजे इतकी वर्षं मी देवासाठी कच्चीच तोडत होते की रे.”

तिनं सगळ्यांच्या कात्र्या गोळा केल्या. उरलेल्या ओळींसाठी महिनाअखेरीला या म्हणाली. रविवारी चर्चमध्ये काय ठेवायचं, असं कोणीतरी विचारलं.

“डेरेकचा भोपळा आहे ना.”

“आणि देवाचं काय बिघडतंय,” डेरेक ग्लास भरत म्हणाला, “त्याची दर रविवारची प्रसादाची वाइन चालूच असते.”

महिनाअखेरीला नाहीतरी यावंच लागणार होतं, कारण त्या दुपारी कात्री धरण्याच्या अवस्थेत कोणी उरलं नव्हतं. मंडळी गात गात घरी गेली. नॉर्मननं बायकोचा डोळा चुकवून प्रत्येक कुंडीत बोट घातलं. माती कोरडी ठणठणीत. तो झारी घेऊन आला. जिरेनियमना त्या दिवशी पहिल्यांदाच साध्या पाण्यावर भागवावं लागलं.