नाइस मॅडम

बेल्ह्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो, तेव्हा मढ गावाकडची एक मुलगी आमच्याकडे शिक्षिका म्हणून रुजू झाली. तिच्या घरात शिकलेली ती पहिलीच. तिच्याकडेही इंग्रजीच होतं. महिनाभरात पोरं तिच्या तासाची वाट बघायला लागली आणि ते मला झोंबलं.

त्याच सुमारास लायब्ररीतल्या जाड डिक्शनरीत मला एक गंमत सापडली. ‘नाइस’ हा शब्द मुळात लॅटिनमधला, ‘न जाणणारा’, म्हणजे अडाणी. फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा अर्थ होता मूर्ख. पुढे तो नखरेल झाला, मग नाजूक, काटेकोर, आणि फार उशिरा कधीतरी छान. मधल्या सुट्टीत मी हे दोघा सहकाऱ्यांना सांगितलं.

“मग नव्या मॅडमला नाइसच म्हणत जाऊ,” एक जण म्हणाला.

तेव्हापासून आमचं सुरू झालं. मॅडम, नाइस लेसन. नाइस अक्षर. नाइस साडी. ती लाजून थँक्यू म्हणायची, आणि आम्ही चहाच्या कपात तोंडं घालायचो.

एका बाजाराच्या दिवशी तिचे वडील बैल विकायला आले होते. ते शाळेत डोकावले, टोपी काढून माझ्यापुढे उभे राहिले.

“सर, पोरीला तुमी लई मानता. रोज नाइस म्हणता, घरी सांगत व्हती.”

“तुम्ही पण नाइसच आहात, पावणं,” मी म्हणालो.

मागे दोघं फस्सकन हसले. म्हातारा खूश होऊन त्यांच्याबरोबर हसला. दारात ती उभी होती. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं ती डिक्शनरी उघडून माझ्या टेबलावर ठेवली.

“आता त्याचा अर्थ छान असाच आहे, मॅडम,” मी म्हणालो.

“तुम्ही कुठल्या अर्थानं म्हणालात?”

मी पान उलटत राहिलो.

“सर मला नाइस म्हणाले, असं वडील गावात सगळ्यांना सांगत फिरतायत,” ती म्हणाली. “मी त्यांना काही सांगितलेलं नाही.”

पुढची दोन वर्षं तिनं डबा प्रयोगशाळेत बसून एकटीनं खाल्ला. तिची आणे गावच्या शाळेत बदली झाली, तेव्हा निरोपाच्या दिवशी मी तिला गाठून माफी मागितली. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली, पुस्तकं मोजून घ्या म्हणाली, आणि गेली.